‘लिस्टलेस’ : एका इंग्रजी विशेषणाचा अभ्यास

इंग्रजी शिकतांना आपल्या मुलांस अडवितात ते शब्द बहुधा लांबलचक नसतात. लांब शब्द दिसला कीं मुलगा सावध होतो, कोश उघडतो, कोणास तरी विचारतो. फसवितात ते आंखूड शब्द; कारण त्यांचा अर्थ आपणांस येतो अशी त्याची समजूत असते. ‘लिस्टलेस’ हें विशेषण अशा फसव्या शब्दांपैकीं एक आहे. आठवी-नववीच्या वर्गांत हा शब्द फळ्यावर लिहून अर्थ विचारावा. निदान दोघे तरी ‘यादी नसलेला’ असें उत्तर देतील. ‘लिस्ट’ म्हणजे यादी आणि ‘लेस’ म्हणजे शिवाय, असा त्यांचा हिशेब. हिशेब म्हणून तो वाईट नाहीं. ज्या मुलानें शब्द फोडून पाहिला त्याला आम्ही तरी हंसणार नाहीं. त्याची रीत बरोबर आहे. फक्त त्याच्या हातीं भलतीच ‘लिस्ट’ लागली आहे.

दुसऱ्या कांहीं मुलांना या शब्दाचा रोख ठाऊक असतो. ती वहींत ‘आळशी’ असा अर्थ लिहितात आणि पुढें जातात. आमच्या मतें ही दुसरी चूक पहिलीपेक्षां मोठी आहे. यादीच्या चुकीनें फार तर एक गुण जातो. आळसाची चूक घरापर्यंत पोंचते. समजा, एखाद्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांत शिक्षकांनीं इंग्रजींत लिहिलें कीं, हा मुलगा या सत्रांत ‘लिस्टलेस’ दिसतो. डोंगरकड्यासारख्या गांवीं बाप तें पुस्तक शेजारच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेतो. तो सांगतो, ‘काका, पोरगं आळशी झालंय असं लिहिलंय सरांनी.’ त्या संध्याकाळीं त्या घरांत काय होईल तें निराळें सांगावयास नको. शिक्षकांना सांगावयाचें होतें तें मात्र अगदीं दुसरें होतें. मुलाची उमेद कोठें तरी ओसरली आहे, जरा लक्ष द्या, एवढाच त्यांचा निरोप होता. मुलाला डॉक्टरकडे न्यावयाचें कीं छडीकडे, हें कधीं कधीं एका विशेषणाच्या भाषांतरावर ठरतें. म्हणून या शब्दाला आम्ही वार्षिकाचीं चार पानें देत आहों.

इंग्रजींत ‘लिस्ट’ या एकाच वेषांत निरनिराळे शब्द वावरतात. यादी या अर्थाचा ‘लिस्ट’ फ्रेंच भाषेंतून आला. त्याचा जुना अर्थ कांठ अथवा पट्टी. कागदाच्या पट्टीवर नांवें लिहीत, म्हणून पुढें ती पट्टीच यादी झाली. आपल्या विशेषणांतील ‘लिस्ट’चें कूळ निराळें, तो अस्सल जुन्या इंग्रजींतला आहे. त्याचा अर्थ आवडणें, वाटणें, मनास येणें. ‘लस्ट’ हा शब्द त्याचाच भाऊबंद, परंतु तो पुढें वाईट संगतीस लागला. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत, वारा आपल्या मनास येईल तिकडे वाहतो असें सांगतांना हेंच ‘लिस्ट’ क्रियापद योजिलें आहे. त्यानंतर हळूहळू तें बोलण्यांतून गेलें. आज कोणी इंग्रज मनुष्य ‘मला वाटतें’ या अर्थीं तें वापरीत नाहीं. वाडा पडावा आणि एखाद्या भिंतींतला कोनाडा तेवढा शाबूत राहावा, तसें तें क्रियापद आतां ‘लिस्टलेस’ या शब्दापुरतें शिल्लक आहे. तेव्हां या विशेषणाची फोड अशी : ज्याला कांहींच करावेंसें वाटत नाहीं तो.

या ‘लिस्ट’ला नेमका बसणारा मराठी शब्द शोधूं लागलें तर तो कोशाआधीं घरांतील वडील बायकांच्या तोंडीं सांपडतो. मूल तापांतून उठलें, पुढें ताट आलें आणि त्यानें तोंड फिरविलें म्हणजे आजी सुनेला म्हणते, ‘अगं, पोराची अन्नावरची वासनाच उडाली बघ.’ येथें वासना म्हणजे कांहीं वाईट गोष्ट नव्हे. साधी ओढ, जेवावेंसें वाटणें. शहरांतल्या बोलण्यांतून हा अर्थ आतां मागें पडत चालला आहे, ही वाईट गोष्ट आहे. कारण ‘लिस्ट’चा अर्थ इतक्या थोडक्यांत सांगणारा दुसरा शब्द आम्हांस तरी आढळला नाहीं. अन्नावरची वासना उडाली, खेळावरची उडाली, गोष्टीच्या पुस्तकावरची उडाली, मित्र दाराशीं येऊन हांका मारून गेले तरी उठावेंसें वाटलें नाहीं. अशा उडालेल्या सर्व वासनांची बेरीज केली कीं ‘लिस्टलेस’ होतो.

मग वासना नसलेला तो निरिच्छ, असें म्हणून ‘लिस्टलेस’चें भाषांतर ‘निरिच्छ’ असें करावें काय? अवयव जुळतात, अर्थ जुळत नाहीं. निरिच्छ हा मराठींत मोठ्या मानाचा शब्द आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें नर्सी हें गांव आपल्याच हिंगोली जिल्ह्यांत आहे. नामदेवांना आपण निरिच्छ म्हणतों. पण हेच नामदेव पंजाबांतील घुमानपर्यंत गेले, आणि त्यांच्या नांवावरील एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत. अशा पुरुषाला कोणी ‘लिस्टलेस’ म्हटलें तर इंग्रजी जाणणारा मनुष्य चकित होईल. निरिच्छानें इच्छा सोडलेली असते. ‘लिस्टलेस’ माणसाला इच्छा सोडून गेलेली असते. ‘उदासीन’ या शब्दाचीही हीच कथा. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायांत भक्ताचीं लक्षणें सांगतांना ‘उदासीन’ आणि ‘दक्ष’ हे दोन शब्द एकाच श्लोकांत शेजारीं शेजारीं आले आहेत. म्हणजे तेथला उदासीन पुरुष डोळ्यांत तेल घालून जागा आहे. ‘लिस्टलेस’ मुलाजवळ दक्षता असती तर त्याच्याविषयीं प्रगतिपुस्तकांत लिहावेंच लागलें नसतें.

‘लेस’ या प्रत्ययाविषयीं थोडें. ‘कमी’ असा अर्थ असलेला ‘लेस’ हा सुटा शब्द मुलांना ठाऊक असतो, म्हणून ‘होमलेस’ म्हणजे लहान घराचा, असेंही उत्तर परीक्षेंत मिळतें. प्रत्यय म्हणून आलेल्या ‘लेस’चा अर्थ कमी असा नसून रहित असा आहे, आपल्याकडील ‘निर्’, ‘हीन’ किंवा ‘बे’ यांचें काम तो करतो. हेल्पलेस म्हणजे निराधार, फिअरलेस म्हणजे निर्भय. बहुतेक ठिकाणीं प्रत्यय काढून टाकला तर मागें ओळखीचा शब्द राहतो. ‘लिस्टलेस’मध्यें तसा राहत नाहीं, आणि ‘रूथलेस’मध्येंही नाहीं, ‘रूथ’ म्हणजे दया हें आतां किती इंग्रजांना ठाऊक असेल, कोण जाणे. उलट बाजूचा ‘लिस्टफुल’ असा शब्द करण्याच्या भरीस मात्र कोणी पडूं नये. तो चालत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा : आळशी आणि ‘लिस्टलेस’ यांत भेद काय? इंग्रजींत आळशी मनुष्याला ‘लेझी’ म्हणतात आणि त्या शब्दांत दोषारोप असतो. ‘लिस्टलेस’मध्यें दोषारोप नाहीं, वर्णन आहे, आणि बहुधा त्यांत काळजीही आहे. हा भेद मराठीला नवा नाहीं. आपण तो ‘अंग’ या एका शब्दाच्या आधारें फार चांगला करतों. काम टाळणारा ‘अंग चोरतो’. ज्याची शक्ति गेली त्याचें ‘अंग गळतें’. चोरणें ही क्रिया माणूस स्वतः करतो, गळणें हें त्याच्या बाबतींत घडतें. अंगचोर मुलगा ‘लेझी’. अंग गळालेला ‘लिस्टलेस’. एवढें ध्यानांत ठेविलें तरी या शब्दाच्या वापरांत फारशी चूक होणार नाहीं.

शेतकऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाहीं. डोंगरकड्याच्या शिवारांत ऊस, केळी व हळद होते. भर उन्हांत केळीच्या पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेपाशीं दुमडून खालीं लोंबूं लागले तर शेतकरी केळीला आळशी म्हणत नाहीं. तो बुंध्याजवळची माती मुठींत घेऊन ओल पाहतो. हळदीचीं पानें अवेळीं पिवळीं पडलीं तर एक रोप उपटून कंद कुजला आहे कीं काय तें पाहतो. बैलाच्या बाबतींत तर त्याची परीक्षा आणखी बारीक. एक बैल जूं मानेवर आलें कीं मागें सरतो, जोडीदारावर ओढ टाकतो, आणि सोडल्यावर दाव्याला हिसडे देऊन कडब्याकडे धांवतो, तो अंगचोर. दुसरा कडबा समोर असून तोंड लावीत नाहीं, रवंथ करीत नाहीं, कान पाडून उभा राहतो, त्याची नाकपुडी कोरडी लागते. या दुसऱ्याला कोणी चाबूक मारीत नाहीं. गुरांच्या डॉक्टरला बोलावितात. बैलाच्या बाबतींत जें आपण इतक्या सहज ओळखतों तें मुलाच्या बाबतींत कां सुटतें, हें आम्हांस नेहमीं कोडें वाटत आलें आहे. कदाचित् बैल बोलत नाहीं म्हणून आपण त्याच्याकडे पाहतों, आणि मूल बोलतें म्हणून त्याचें नुसतें ऐकतों. आणि ‘कांहीं होत नाहीं’ याखेरीज तें कांहीं सांगत नाहीं.

ही गफलत एका घरापुरती न राहतां सबंध प्रदेशाविषयीं झाल्याचें एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत आहे. त्या देशाच्या दक्षिण भागांतील गरीब शेतकरी फिकट, हडकुळे आणि मंद हालचालीचे असत. उत्तरेकडील लोक त्यांना जन्माचे आळशी समजून त्यांची थट्टा करीत. चार्ल्स स्टाइल्स नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं असें मांडलें कीं, यांतील पुष्कळांच्या आंतड्यांत अंकुशकृमि नांवाचा बारीक जंत आहे. तो अनवाणी पायांच्या कातडींतून शरीरांत शिरतो, आंतड्यास चिकटून राहतो आणि रक्त शोषतो. वर्तमानपत्रांनीं या शोधाची ‘आळसाचा जंतु सांपडला’ अशी टर उडविली. परंतु १९०९ सालीं रॉकफेलर यांनीं दहा लाख डॉलर देऊन एक मंडळ नेमविलें. त्या मंडळानें १९१४ पर्यंत गांवोगांव तपासणी केली, औषधें दिलीं आणि शौचकूप बांधण्याचा आग्रह धरिला. तपासलेल्या शाळकरी मुलांपैकीं शेंकडा सुमारें चाळीस जणांत हा जंत निघाला. ज्यांच्यासाठीं लोकांनीं ‘लेझी’ हा शब्द योजिला होता, त्यांच्यासाठीं खरा शब्द ‘लिस्टलेस’ होता. पुढील काम औषधाचें होतें.

आपल्याकडची स्थिति फार निराळी आहे असें नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांतील सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांपैकीं शेंकडा सदुसष्ट मुलांत रक्ताची न्यूनता आढळली. रक्तांत लोह कमी पडलें कीं शरीराच्या कानाकोपऱ्यांत प्राणवायु पुरेसा पोंचत नाहीं. मग जिना चढतांना धाप लागते, वाचतांना ओळ सुटते, खेळाच्या तासाला मूल पायरीवर बसून राहतें. शाळेंत आठवड्यांतून एकदां मिळणारी लोहाची निळी गोळी आणि जंतनाशक दिनाची गोळी (हा दिन आपल्या देशांत २०१५ पासून पाळतात) यांचा संबंध थेट आपल्या विशेषणाशीं आहे. कांहीं मुलें ती गोळी जिभेखालीं धरून मागाहून टाकून देतात हें आम्हांस माहीत आहे. शिवाय मराठवाड्यांतील अनेक कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांचीं मुलें उघड्यावर, अपुऱ्या झोपेंत हंगाम काढून परत येतात आणि वर्गांत मागच्या बांकावर बसतात. त्यांच्या डोळ्यांतील मरगळीला आळस हें नांव देण्यापूर्वीं तीं पहांटे किती वाजतां उठत होतीं, हें विचारावें.

‘लिस्टलेस’चे शेजारी ओळखून ठेवणें उपयोगी आहे. त्यांपैकीं ‘लेथार्जिक’ हा सर्वांत जवळचा. तो ग्रीक भाषेंतून आला. ‘लेथी’ म्हणजे विस्मृति आणि ‘आर्गोस’ म्हणजे निष्क्रिय. ग्रीक कथांप्रमाणें मृतांच्या लोकांत याच नांवाची एक नदी वाहते, व तिचें पाणी प्यालें कीं मागचें सर्व विसरतें. या शब्दांत झोपेचा जडपणा आहे. पोळ्याला पुरणपोळीवर तूप वाढून घेतलेला मनुष्य दुपारीं ‘लेथार्जिक’ होतो. ‘लिस्टलेस’ होत नाहीं, कारण पोळीवरची त्याची वासना मुळींच उडालेली नसते. ‘लॅंग्विड’ हा कवींचा लाडका शब्द; त्यांत मंदपणा आहे खरा, पण तो कधीं गोडही असतो, वैशाखांतल्या दुपारच्या झुळकेसारखा. ‘स्लगिश’ हा संथ गतीचा शब्द. पावसाळा सरल्यावरच्या कयाधू नदीला तो शोभतो. गंमत अशी कीं, ‘स्लग’ हें नांव आधीं आळशी माणसाला होतें आणि गोगलगाईच्या त्या बिनशिंपल्याच्या भावंडाला मागाहून मिळालें. माणसावरून प्राण्याची निंदा झाल्याचें असें उदाहरण विरळा.

मराठीची बाजूही संपन्न आहे. फक्त निवड करतां आली पाहिजे. मोल्सवर्थ व कॅंडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला, तेव्हांपासून कोश एका इंग्रजी शब्दापुढें मराठी शब्दांची रांग मांडीत आले आहेत, आणि विद्यार्थी रांगेंतला पहिला उचलीत आला आहे. सुस्त हा शब्द फारसी, मलूल अरबी. ऐदी हा तर मोंगल लष्करांतील ‘अहदी’ शिपायांची आठवण. बसून पगार खाण्याबद्दल त्यांचा लौकिक झाला आणि त्यांचें नांव आपल्याकडे शिवी होऊन राहिलें. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत होता व शाळांतून उर्दू चाले; त्यामुळें येथल्या जुन्या माणसांस एक जोडी चांगली ठाऊक असे. उर्दूंत ‘काहिली’ म्हणजे आळस आणि मराठींत ‘काहिली’ म्हणजे अंगाची आग. उच्चार एक, रोग दोन. ‘लिस्टलेस’साठीं आम्ही ‘मरगळलेला’ हा शब्द पसंत करूं. चेहऱ्याविषयीं बोलणें असेल तर ‘मलूल’. आवाजाविषयीं असेल तर ‘निरुत्साही’. ‘आळशी’ व ‘ऐदी’ हे दोन शब्द या कामीं कधींच वापरूं नयेत.

वापराचे नियम थोडे आहेत. हें विशेषण नामाच्या आधीं येतें आणि क्रियापदाच्या नंतरही येतें : ‘अ लिस्टलेस चाइल्ड’ म्हणतां येतें, ‘द चाइल्ड लुक्स लिस्टलेस’ असेंही म्हणतां येतें. ‘लुक’, ‘फील’, ‘सीम’, ‘बिकम’ हीं क्रियापदें त्याला विशेष मानवतात. उच्चारांत जोर पहिल्या अवयवावर द्यावा. त्यापासून क्रियाविशेषण ‘लिस्टलेसली’ व भाववाचक नाम ‘लिस्टलेसनेस’ होतें. माणसाप्रमाणें आवाज, खेळ, बाजार यांनाही तें लागतें. ज्या दिवशीं मोंढ्यांत ना घेणारा उत्सुक ना विकणारा, त्या दिवसाच्या बाजाराला ‘लिस्टलेस मार्केट’ म्हणतां येईल. लोंबलेल्या केळीच्या पानाला मात्र हें विशेषण लावण्याचा इंग्रजींत प्रघात नाहीं. तेथें ‘ड्रूपिंग’ म्हणावें. दिवसभर कापूस वेंचून आलेल्या आईलाही तें लावूं नये. ती ‘टायर्ड’ आहे, तिच्या थकव्याचें कारण समोर दिसतें आहे आणि रात्रीच्या झोपेनें तो जाईल.

एक परीक्षा आम्ही वर्गांत सांगतों. ‘डोन्ट बी लेझी’ हें वाक्य इंग्रजींत रोज ऐकूं येतें. ‘डोन्ट बी लिस्टलेस’ हें कानाला खटकतें. कारण उघड आहे. आळस सोड, ही आज्ञा पाळतां येते; तुला इच्छा होऊं दे, ही आज्ञा कोणास पाळतां येईल? एखाद्या वाक्यांत कोणता शब्द घालावा असा संशय पडला तर त्या माणसाला हुकूम करून पाहावा. हुकुमानें तो उठेल असें वाटलें तर ‘लेझी’, नाहींतर ‘लिस्टलेस’.

अभ्यासासाठीं चार प्रसंग देतों. प्रत्येकास योग्य इंग्रजी विशेषण योजून वाक्य करावें. बाबांनीं पाटाचें पाणी फिरवावयास सांगतांच एकाच्या पोटांत दुखूं लागलें, आणि मैदानावरून हांक येतांच थांबलें. सणाच्या दिवशीं जेवण झाल्यावर आजोबा ओट्यावर बसल्याबसल्या डुलक्या घेऊं लागले. धाकटी बहीण जत्रेंतून आणलेली भिंगरी हातांत धरून बसली होती, पण ती वाऱ्यावर धरून फिरवावी असें तिला सबंध दिवसांत वाटलें नाहीं. दादा परीक्षेच्या निकालापासून आठ दिवस खिडकींत बसून आहे. जेवतो, बोलावलें तर येतो, आणि पुन्हां तेथेंच जाऊन बसतो. पहिल्या तिहींचीं उत्तरें वरील विवेचनांत सांपडतील. चौथ्यावर वर्गांत वाद होईल. ‘सॅड’ म्हणणाऱ्यांनीं आणि ‘लिस्टलेस’ म्हणणाऱ्यांनीं, आपण दादाला आणखी कोणते तीन प्रश्न विचारले असते, तें वहींत लिहून आणावें.